कार्डावर विणकर, मैदानात सेंटर फॉरवर्ड

माझा भाऊ गिरणीच्या कागदावर विणकर होता आणि मागाला त्याने कधी हात लावला नव्हता. त्याचे काम फुटबॉल खेळण्याचे. गिरणीची टीम होती, तिचा तो सेंटर फॉरवर्ड. पण गिरणीत फुटबॉलचे खाते नसते, म्हणून सगळ्या टीमला बदली कामगाराची कार्डे दिली होती. बदली म्हणजे कायमचा कामगार येणार नाही त्या दिवशी त्याच्या जागी घ्यायचा माणूस. भोंग्याच्या आधी फाटकापाशी येऊन उभे राहायचे, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवेल तो आत, बाकीच्यांनी घरी. दादाला असे उभे राहावे लागत नसे. त्याची हजेरी परस्पर लागायची आणि तो गिरणीमागच्या मैदानावर पळत असायचा.

त्याच फाटकापाशी आमचे आप्पा उभे असायचे. ते खरे विणकर. एका संपात त्यांचे कायमचे कार्ड गेले आणि उतारवयात ते बदलीत आले. बोट आपल्याकडे वळले नाही की ते चेहऱ्यावर काही दाखवत नसत. माझ्या हातातली युनियनची निम्मी पत्रके घेत आणि वाटायला लागत. कॉलेजला जाण्याआधी मी रोज तिथे पत्रके वाटायची, रिळाच्या खात्यातल्या बायकांना आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायची. वाचायला मी शिकलेच मुळी पत्रकांवर. शाळेत कमळ आणि खटारा भेटायच्या आधी मला 'कामगार बंधू-भगिनींनो' ओळखता येत होते.

असल्या मुलीला हे कळायला वेळ लागला नाही, की मैदानावरच्या एकेका पोराची हजेरी म्हणजे फाटकावरच्या एकेकाची गेलेली पाळी. मी आप्पांना तसे म्हणाले.

"गप," ते म्हणाले. "भाऊ हाय तुझा."

मी दादाला म्हणाले तर तो उसळला. "मी कुणाची पाळी मागितली व्हय? मला खेळाडू म्हणून कायम करा म्हणून तर बोंबलतोय. कायम झालो की तुमच्या बदल्यांत माझं नाव तरी राहील का?"

त्यात चूक नव्हती. आणि दादाला कायम व्हायचे होते त्याला आणखी एक कारण होते. नातेपुत्याची एक मुलगी त्याला दाखवली होती, दोघांचे जमलेही होते. पण तिच्या वडिलांनी बाजारपेठेतल्या माणसासारखे रोखठोक सांगितले होते, पोरगा बदलीत आहे तोवर तारीख काढायची नाही. अव्वा, म्हणजे आमची आई, दारात चादरींच्या दशांना गाठी मारत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "यंदा होतोय कायम."

लेबर ऑफिसर, म्हणजे साहेब, दरवर्षी टीमला तेच सांगायचा, "यंदा गिरण्यांच्या सामन्यांची ढाल आणा, मग तुमचं बघू." टीमने ढाल आणली. ती साहेबाच्या काचेच्या कपाटात बसली. ती लगेच कायम झाली. पुढच्या वर्षी टीमने परत जिंकली, साहेबाने परत पेढे वाटले आणि म्हणाला, "आता हॅट्रिक करा."

तिसऱ्या वर्षी अंतिम सामना आठवड्यावर आला तेव्हा टीम आमच्या ओसरीवर जमली. खेळायचे नाही यावर सगळ्यांचे एकमत होते. पुढे काय, ते कुणाला सुचत नव्हते. आप्पा म्हणाले, "न्हाय खेळला तर फाटकाबाहेर काढतील. तुमची हजेरी कशाच्या जिवावर लागते?"

गोलकीपर घरात दखनी बोलणारा, कायम थट्टेत. तो दादाचे कार्ड उलटसुलट करत म्हणाला, "इसपे क्या लिखेला है? विनकर. तो चलो रे, बुनने जाते. मेरेकू क्या, मैं उधर बी उबा रहता, इधर बी उबा रहता."

सगळे हसले. आप्पांच्या हातातली चहाची बशी मात्र तशीच राहिली.

"थट्टा नको," ते म्हणाले. "जावा. हेच करा. रोज भोंग्याला फाटकावर जाऊन उभं ऱ्हावा आणि काम मागा. कार्डावर जे लिहिलंय तेवढंच. साहेब म्हणंल खेळा, तर म्हणायचं खेळाडू म्हणून लिहून द्या. लिहून दिलं तर तुमी कायम. न्हाय दिलं तर तुमाला खेळ म्हणायला त्यांच्याकडं कागदच न्हाय."

मला तेव्हा नाचावेसे वाटले. इतकी पत्रके वाचली होती, पण मालकाचा खोटेपणा मालकाच्याच दारात असा नेऊन उभा करता येतो, हे कुठल्या पत्रकात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरी टीम फाटकावर. जॉबरला काय करावे कळेना. त्यांना बाहेर ठेवावे तर हजेरी कशी लावायची, आणि आत घ्यावे तर मागावर उभे करावे लागणार. त्याने आत घेतले. आत काय झाले ते दादाने रात्री जेवताना सांगितले. त्याच्या मागावर सूत तुटतच राहिले. लेफ्ट विंगरच्या मागावरचा आडवे सूत नेणारा धोटा उडाला तो गोलकीपरने हवेतच झेलला, तेव्हा जॉबर म्हणाला, "मैदानावर कधी असा झेललास व्हय रे?" टीममधला सेंटर हाफ तेवढा तेलुगू घरातला, घरी हातमाग असलेला. तो गुमान काम करत राहिला. दादाने त्याच्याकडून गाठ मारायला शिकून घेतली. ती त्याने जेवता जेवता अव्वाच्या एका दशेवर आम्हाला करून दाखवली.

दुपारी साहेबाने बोलावले. "मैदानावर का नाही?"

"आमी विणकर, साहेब. कार्डावर तसंच हाय."

"तुम्हाला खेळायला घेतलंय हे तुम्हाला माहीत नाही?"

"तसं लिहून द्या की. शाईनं. कायम म्हणून."

साहेबाने टेबलावर हात आपटून त्यांना बाहेर जायला सांगितले. त्याला फुटबॉल खरेच आवडायचा. म्हणूनच, मला वाटते, त्याला इतका राग आला.

पण राग आणखी एका ठिकाणी साठत होता, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर. आदल्या वर्षीच्या दुष्काळानंतर फाटकावरची गर्दी दुप्पट झाली होती. जेऊरकडचे, मंगळवेढ्याकडचे लोक दुष्काळी कामावर खडी फोडून झाली तसे इकडे आले होते. त्यांना बदलीचे कार्डही नव्हते, नुसती आशा होती. टीम येताना दिसली की टोमणे सुरू.

"आले बघा गिरणीचे जावई!"

"आता मागालाबी लाथा घालणार व्हय?"

मंगळवेढ्याकडचा एक उंच, हाडकुळा माणूस रोज सगळ्यांच्या पुढे उभा असायचा. तो चिडत नसे. त्याने दादाला एकदा हात जोडले. "तुमी पळा की पैलवान. तुमाला पळायला येतंय. हितं आमाला येऊ द्या."

दादा आत गेला. मी त्या माणसाच्या हातात पत्रक दिले. त्याने ते घडी करून टोपीत ठेवले. वाचून दाखवू का म्हटले तर म्हणाला, "सांजच्याला."

सामन्याच्या तीन दिवस आधी जॉबर आमच्या घरी आला. बूट काढून बसला, म्हणजे काम मोठे होते. अव्वाने चहात साखर जास्त टाकली.

"साहेबांनी निरोप दिलाय," तो दादाला म्हणाला. "तुझं एकट्याचं कायम. विणकर म्हणूनच, पण कायम. बाकीच्यांचं मागनं बघू. रविवारी बूट घालून ये."

"हो म्हण की रे," अव्वा म्हणाली.

मला राहवले नाही. "आणि बाकीचे दहा?"

दादा माझ्याकडे वळला. मी त्याला इतके चिडलेले मैदानावरही पाहिले नव्हते. "तुझं काय जातंय गं? तुझ्या पत्रकात नातेपुत्याची पोरगी बसती का कुटं?"

"साकू! बास करा दोघंबी," अव्वा माझ्याकडे बघून ओरडली.

जॉबर चहा पिऊन गेला. दादा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी आप्पांकडे बघत होते. त्यांनी एक शब्द बोलावा, 'जाऊ नको' एवढे तरी म्हणावे. ते भिंतीला टेकून सुपारी कातरत राहिले. पुढचे दिवस मी घरात धड बसू शकले नाही. पुस्तक उघडायचे, मिटायचे, ओसरीवर यायचे, परत आत जायचे. दादा रोज फाटकावर जात होता, मागावर उभा राहत होता, आणि टीममधले कुणी आले की विषय बदलत होता. त्यांना निरोपाचा वास लागला होता. गोलकीपर आमच्या दारात येऊन म्हणाला, "दादा, लड्डू कब खिलाता?" आणि हसला नाही.

रविवारी दुपारी दादा बूट वर्तमानपत्रात गुंडाळून घराबाहेर पडला. कुठे जातोस म्हणून विचारायची कुणाची छाती झाली नाही. मागोमाग मी आणि आप्पा निघालो.

मैदानाच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नव्हता. पलीकडच्या गिरणीची टीम आली. मग आमच्या गिरणीचे जर्सी घातलेले अकरा जण आले, आणि सगळ्या मैदानावर कुजबूज झाली. ते फाटकावरचे लोक होते. साहेबाने सकाळीच फाटकावर निरोप धाडला होता, आज जो आपल्या बाजूने खेळेल त्याला महिनाभर गिरणीत काम. निळ्या जर्सी गुडघ्यापर्यंत आलेल्या, पाय अनवाणी. पुढे तो मंगळवेढ्याचा उंच माणूस. टोपी काढायला सांगितल्यामुळे त्याचे डोके उघडे आणि पांढरे दिसत होते.

दादा आमच्यापासून थोड्या अंतरावर बूट काखेत धरून उभा होता. खरी टीम त्याच्या पलीकडे, पण त्याच्यापासून लांब.

सामना म्हणण्यासारखे काही नव्हते. चेंडू जिकडे जाईल तिकडे अकराच्या अकरा धावत. लोक आधी पोट धरून हसले. मग हसणे कमी झाले, कारण ते लोक थांबतच नव्हते. पडत होते, गुडघे फुटत होते, उठून पुन्हा पळत होते, आणि चेंडूकडे कमी आणि साहेबाच्या खुर्चीकडे जास्त बघत होते. आपण दिसतोय ना, मोजले जातोय ना. गोल किती झाले ते मी मोजायचे सोडून दिले.

मध्यंतराला साहेब उठून दादाकडे आला. मी इतकी जवळ होते की सगळे ऐकू आले.

"घाल बूट. अजून अर्धा वेळ आहे. उद्या सकाळी तुझं कार्ड तयार असेल."

दादाने गुंडाळी सोडली. बूट हातात घेतले. मी डोळे मिटून घेणार होते, पण मिटले नाहीत. त्याने मैदानाकडे बघितले.

"आत अकरा हायत, साहेब. कुणाला भायेर काढू?"

"कुणालाही. तो उंच म्हातारा, त्याला काढ."

"आणि त्याचं महिन्याचं काम?"

"जो बाहेर आला, तो खेळला कुठं?"

तो उंच माणूस पाणी पीत होता. त्याने हे ऐकले. लगबगीने पुढे आला. "मी न्हाय थकलो, साहेब," तो म्हणाला. "लई दम हाय अजून." आणि जागच्या जागी उड्या मारून दाखवायला लागला.

दादा त्याच्याकडे वळला. मग त्याने बूट त्याच्यापुढे धरले. त्या माणसाने वाकून एकात पाय घातला, दोन पावले टाकली आणि काढून परत दिला. "ह्यात पळता येत न्हाय वो. पाय कुटं ठेवला ते कळतच न्हाय."

दादा बूट तिथेच टाकून गोलच्या मागे जाऊन उभा राहिला आणि दुसरा अर्धा सुरू झाल्यावर ओरडायला लागला, "सगळे नका पळू! दोघं मागं! उंच पावणं, तुमी मागं ऱ्हावा, हलू नका!" थोड्या वेळाने गोलकीपर त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, मग सेंटर हाफ, मग सगळी टीम. गोल होतच राहिले, पण पहिल्यासारखे नाहीत. एकदा चेंडू त्या उंच माणसाच्या छातीला लागून परत फिरला तेव्हा सगळे मैदान ओरडले. साहेब तोवर निघून गेला होता. ढाल पलीकडच्या गिरणीने नेली.

घरी अव्वाने दादाला वाढले आणि म्हणाली, "शेवटी आप्पाचाच निघालास." रडली ती नंतर.

सोमवारी सकाळी फाटकावर मीही होते, पत्रके घेऊन. ते अकरा जण आधी आत गेले, उंच माणूस लंगडत. त्यांना कापसाच्या गाठी उचलायला आणि झाडायला घेतले होते. मग जॉबर बदल्यांपुढे आला. टीममधल्या एकाकडेही त्याने बोट केले नाही. ते पुन्हा कधी होणार नव्हते, हे सगळ्यांना तिथेच कळले.

पण मागावर माणूस लागणारच होता. जॉबरने इकडेतिकडे बघितले आणि बोट आप्पांकडे केले. "तुमी या. पोराच्या मागावर."

आप्पा हलले नाहीत. माझ्या हातातल्या पत्रकावर त्यांनीच सांगितलेला मजकूर होता, कुणीही दुसऱ्याची जागा घेऊ नये. मला ओरडायचे होते. तेवढ्यात दादाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"जावा की, आप्पा. उजवीकडचं सूत तेवढं सारखं तुटतंय, लक्ष ऱ्हावू द्या."

आप्पा आत गेले. त्यांना त्या मागावर रोजचे काम मिळाले ते अजून टिकून आहे.

नातेपुत्याहून निरोप आला तो नाहीचा होता. दादा पूर्वेकडच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये लागला, आणि आता तो खराच विणकर आहे, बऱ्यापैकी चांगला. मैदानावर जात नाही. मी अजून पत्रके वाटते, आता लिहितेही मीच. ते वाक्य मी आजही लिहिते, कुणीही दुसऱ्याची जागा घेऊ नये, कारण ते खरे आहे असेच मला वाटते. पण ते लिहून झाले की मला बसवत नाही. उठून ओसरीवर जाते. आप्पा कामावरून आलेले असतात, हातपाय धुऊन दादाला विचारत असतात, "आज किती तुटलं?" आणि दादा सांगत असतो.