हार्ड डिस्कची वाटणी

आमच्या घराण्यात वाटणीचा एक नियम आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. थोरला मग झक मारत सगळे वाटे सारखे पाडतो, कारण उरलेला त्यालाच घ्यायचा असतो. कुरुळीतली जमीन अशीच वाटली, पितळेची भांडी अशीच वाटली आणि, हसू नका, घरातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्कसुद्धा अशीच वाटली.

माझे वडील आणि दोन काका एकाच बिल्डिंगमध्ये तीन मजल्यांवर राहतात, पण कॉम्प्युटर तळमजल्याच्या हॉलमध्ये, सगळ्यांत मिळून एक. तो नवा आला तेव्हा दुकानदाराने डिस्कची तीन पार्टिशन करून दिली होती: सी, डी आणि ई. थोरले काका लगेच वडिलांना म्हणाले, "उचल, तू धाकटा." वडिलांनी सी उचलला. का, तर पहिला नंबर! झालं. सीमध्ये आधीच विंडोज बसलेली, तिचीच तिला जागा पुरेना, त्यात वडिलांनी बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ कोंबले. कॉम्प्युटर चालू होईपर्यंत आमचा चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचे. बाकीचे दोन भाग अर्धे मोकळे, पण तिकडे एक फाइल हलवू देतील तर शपथ. "भावाच्या रानात मी माझी कडब्याची गंजी लावली तर चालंल का?" असं मलाच विचारायचे. धन्य!

यंदा दिवाळीच्या आधी ती डिस्क टकटक वाजायला लागली. मी चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला आहे, म्हणून घरात मी कॉम्प्युटरची डॉक्टर. पिंपरीला जाऊन दोन डिस्क आणल्या. एक छोटी आणि वेगवान, फक्त विंडोजसाठी. दुसरी भली मोठी, सगळ्यांच्या सामानासाठी. मोठीचे तुकडे करायचेच नाहीत, नुसते फोल्डर करायचे, असं मी ठरवून टाकलं होतं. स्वतःवर फार खूश होते.

भाऊबीजेला सगळे जमले तेव्हा मी ही योजना मांडली. छोट्या डिस्कचं चटकन पटलं. "ही आपली सामाईक विहीर. पाणी सगळ्यांनी घ्यायचं, आत कुणी काही टाकायचं नाही," म्हटल्यावर तिघांनी माना हलवल्या. मोठ्या डिस्कवर मात्र गाडी अडली.

"तुकडंच न्हाई?" मधले काका म्हणाले. "मग माझं कुठं संपलं आन् ह्याचं कुठं लागलं, कळणार कसं?"

"फोल्डरला नाव देऊ ना."

"नाव पुसता येतं. बांध कसा, बांध असतो."

"बांध कोरताही येतो," मी म्हटलं. ह्या तिघांनी एका बांधापायी वर्षभर एकमेकांशी अबोला धरला होता, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तिघे एकमेकांकडे बघून खो खो हसले. पण हेका सोडतील तर ते माझे काका कसले! "तीन सारखे वाटे कर," थोरल्या काकांनी हुकूम सोडला.

हे सगळं चालू असताना आत्या शेजारी बसून ओवाळणीचं ताट लावत होती. तिची आळंदीत विद्यार्थ्यांची खानावळ आहे आणि तिला मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ करायचा भारी नाद. म्हणजे होता. गेल्या वर्षी आतोबा गेले. तिचे सगळे व्हिडिओ तेच काढायचे आणि काढताना मागून अखंड बडबडायचे. आता तिचा फोन त्या व्हिडिओंनी गच्च भरलाय. नवा काढायचा तर जुना पुसावा लागतो, आणि जुना पुसला की आतोबांचा आवाज गेला. म्हणून तिने व्हिडिओ करणंच सोडलं होतं. इंटरनेटवर ठेवू म्हटलं तर "परक्याच्या घरात न्हाई ठेवायचे." मग आपल्या कॉम्प्युटरवर? "भावांच्यात कशाला माझी अडगळ!"

तीन वाटे म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. जमीन कंपनीला गेली तेव्हा हीच आत्या हक्कसोडावर सही करायला आली होती. "मला काय नगं," म्हणाली, साडी घेतली आणि आळंदीची गाडी पकडली. आमच्याकडे सगळ्याच बहिणी असं म्हणतात. त्यांना विचारतातच अशा बेताने की दुसरं काही म्हणता येऊ नये.

माउसवरचा हात काढून मी विचारलं, "तुम्हा भावंडांत धाकटं कोण?"

"मी की," वडील म्हणाले.

"मग आत्या कोण?"

आत्या ताटातल्या सुपाऱ्या उगीच इकडच्या तिकडे करत राहिली. मला वाटलं, बोलून बसले, आता सणासुदीला भांडण लागणार. थोरल्या काकांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाले, "चार कर."

मी केले. चारी अगदी सारखे: डी, ई, एफ, जी.

"उचल बाई," काका म्हणाले. "तू धाकटी."

माझा जीव टांगणीला. मनात म्हटलं, आत्या, आता पुन्हा "मला काय नगं" म्हणालीस ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. तिने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि विचारलं, "मोठा कुठला?"

"सगळे सारखे आहेत गं!"

"मग तो डी दे. पहिला हाय."

"मी पहिला घेतला तवा हसलात की सगळी!" वडील ओरडले. हसून हसून मधल्या काकांना ठसका लागला. थोरले काका डोळे पुसत म्हणाले, "घे, घे. ओवाळणीच समज."

आत्या एकदम थांबली. "ओवाळणी ताटात टाक, दादा," ती म्हणाली. "ह्यो माझा वाटा हाय."

काकांचं हसू विरलं. पण ते चिडले नाहीत. खाली बघत म्हणाले, "व्हय. वाटा." मग वाकून त्यांनी ताटात ओवाळणी टाकली, वेगळी.

मी फोन जोडला, सगळे व्हिडिओ डीमध्ये उतरवले आणि खात्रीसाठी एक लावून बघितला. व्हिडिओत आत्या भाकरी थापत होती आणि मागून आतोबा करवादत होते, "अगं, तवा दिसू दे, जरा बाजूला हो!" इकडे हॉलमध्ये आत्या पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. मला कुठे धड दिसत होतं म्हणा!

फोन मोकळा झाला. आत्याने तो हातात घेतला आणि फराळावर तुटून पडलेल्या तिन्ही भावांवर धरला. तिघे लगेच फोटोला बसल्यासारखे ताठ झाले.

"आरं, चकल्या दिसू द्या," आत्या मागून ओरडली. "जरा बाजूला व्हा!"