पडदा ओढ, मग फोन लाव

ताईच्याच नंबरवरून फोन आला, म्हणून मी सवयीनं म्हटलं, “बोला डॉक्टरीणबाई, आज कोण पेशंट?” पलीकडे तिचा मुलगा निखिल होता. “मावशी…” एवढंच म्हणाला, आणि पुढचं मला कळलं. दुपारी जेवून आडवी झालेली माझी थोरली बहीण उठलीच नाही. याला दीडेक महिना होऊन गेला. पण ऊन कललं, खोलीत अंधुक झालं की अजूनही वाटतं, आत्ता ती विचारेल, “शालू, दिवा लुकलुकतोय का गं?”

हा प्रश्न तिनं अर्ध्या पुण्याला विचारला असेल. बँकेच्या संगणक विभागात तिची नोकरी झाली. निवृत्तीनंतर ती वारज्याला राहायला गेली आणि घरबसल्या सगळ्या गोतावळ्याचे कॉम्प्युटर फोनवरून तपासायला लागली. मी शनिवार पेठेत लग्नपत्रिका आणि पुस्तकांचं डीटीपी करते. माझं पोटच त्या यंत्रावर, त्यामुळे सगळ्यात रडका पेशंट मीच. “ताई, बंद पडला गं!” असं म्हटलं की ती थंडपणे म्हणायची, “बंद पडला ही तक्रार झाली. निदान मी करते. खाली बस आणि कशालाही हात लावू नकोस.” मग चौकशी सुरू. बटणातला दिवा लागलाय की नाही? नसेल तर आधी भिंतीवरचं बटण चालू आहे का ते बघा, बाईसाहेब. पांढरा, म्हणजे सगळं ठीक, की केशरी? स्थिर की लुकलुकता? किती वेळा लुकलुकून थांबतो? त्या आकड्यावरून कुठला भाग बिघडलाय ते तिला कळायचं. मी मोजायचे आणि पलीकडे ती ओठातल्या ओठात मोजायची. त्या मोजण्यात सगळी पेठ कुठेतरी लांब निघून जायची… रस्त्यावरचे हॉर्न नाहीत, दारावरची बेल नाही, नुसता एक केशरी ठिपका आणि कानात ताई. लहानपणी मला ताप आला की ती अशीच उशाशी बसून राहायची. तेव्हाही फार बोलायची नाही.

एका गणपतीत मात्र मी कहर केला. “ताई, आज दिवा आधी लाल, मग हिरवा, मग निळा होतोय, आणि मध्येच पळतोय!” ताई चक्रावली. अशी खूण तिच्या उभ्या आयुष्यात तिनं पाहिली नव्हती. कितीतरी वेळ तिनं मला पुन्हा पुन्हा मोजायला लावलं, शेवटी रिक्षा करून स्वतः आली. खोलीत पाऊल टाकलं, टेबलाशेजारच्या मखराकडे बघितलं आणि त्यावरच्या रंगीत दिव्यांच्या माळेचं बटण बंद केलं. कॉम्प्युटरच्या काळ्या चकचकीत डब्यावरचे रंग गेले. “वा शालूबाई,” ती म्हणाली, “बाप्पाच्या माळेला काय झालंय ते विचारायला मला वारज्याहून बोलावलंस!” आणि मग अशी हसली, अशी हसली की तिला मोदक गिळवेना. तेव्हापासून तिचा नियम झाला, की आधी पडदा ओढ, घरातले दिवे बंद कर, मग फोन लाव.

निखिल हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे. तो आईची यथेच्छ टर उडवायचा. “आई, ही कसली भोंदूगिरी? मावशीला सरळ नवा घ्यायला सांग ना.” ताई म्हणायची, “लुकलुकतोय म्हणजे त्याला काहीतरी सांगायचंय. ऐकून घ्यायच्या आधीच फेकून द्यायचं होय रे?” तो खांदे उडवून निघून जायचा.

गेल्या आठवड्यात माझा कॉम्प्युटर सुरू होईना. हा ताईनंच निवडून आणलेला, तिनंच कितीदा उघडून पुसलेला. दुकानदार म्हणाला, “काकू, जुना झालाय, सोडा आता.” सोडा काय सोडा! मला नवा नको होता. हा गेला असता तर माझी ताई दुसऱ्यांदा गेली असती. मी पडदा ओढला, दिवे घालवले, त्याच्यासमोर बसले… आणि काय करतेय हे कळायच्या आत तिचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी फोन उचलला.

“ताई,” माझ्या तोंडून गेलंच.

पलीकडे निखिल होता. निखिलनं तिचा फोन अजून चालू ठेवला होता, हे मला ठाऊकच नव्हतं.

“मावशी,” तो हळूच म्हणाला, “पडदा ओढलायस का?”

“ओढलाय.”

“दिवा?”

“केशरी.”

“स्थिर आहे, की… लुकलुकतोय?”

मला हुंदका आवरेना. “लुकलुकतोय रे.”

“मग रडू नकोस. त्याला काहीतरी सांगायचंय.” तो म्हणाला. “मोज तू. मी पण मोजतो.”

मी मोजू लागले. पलीकडे तोही मोजत होता, ओठातल्या ओठात, थेट तिच्यासारखा. “मेमरीची पट्टी सैल झालीय,” तो म्हणाला, “आई खोडरबरानं पुसायची ना, तशी पूस आणि टक् वाजेपर्यंत दाबून बसव.” मी भिंतीवरचं बटण बंद केलं, पट्टी पुसली, बसवली, पुन्हा सगळं चालू केलं. या वेळी केशरी नाही, पांढरा ठिपका लागला.

“लागला?”

“लागला.”

पडदा उघडायला मी उठले नाही. फोन त्यानंही ठेवला नाही.