भिंतीकडे बघा

आमचे सर कॉम्प्युटरमध्ये परवलीचा शब्द टाकण्याआधी सगळ्यांना सांगायचे, "भिंतीकडे बघा." गिऱ्हाईक असो, पंचायत समितीतला साहेब असो, नाहीतर चहा घेऊन आलेली मी असो, पाठ करून उभं राहायचं. शब्द टाकून झाला तरी सर लगेच सांगत नसत. "झालं का?" असं कुणी विचारलं की आणखी थोडं उभं ठेवायचे आणि गालात हसायचे. मोखाड्यात त्यांना सगळे कुलूपसर म्हणत. मी त्यांच्या दुकानात झाडलोट करायचे.

सर खत-बियाण्यांच्या दुकानांसाठी प्रोग्रॅम बनवून विकत. कोणतं बियाणं किती उरलं, कुठल्या पाड्यावरच्या कुणी काय आधीच सांगून ठेवलं, सगळं त्यात असायचं. जव्हारपासून वर सूर्यमाळपर्यंत त्यांची गिऱ्हाइकं होती. प्रोग्रॅम विकत, पण आत माहिती कशी मांडली आहे, कशाला काय जोडलं आहे, ते कुणाला दिसू देत नसत; त्या शब्दामागे कुलूपबंद ठेवत. त्या मांडणीला ते डेटाबेसचं डिझाइन म्हणत. "माझी निम्मी उमर त्यात गेली," असं म्हणायचे.

मी चौथी शिकलेली, त्यात बोलायची लाज. पण एकदा धीर करून विचारलं, "सर, माझा बाप अंगणात बसून भात साठवायची कणगी विणायचा. कुणीही बघायचं. तुम्ही एवढं का लपवता?"

सरांनी चष्मा काढला. "तुझ्या बापाची वीण कुणी बघितली तरी त्याला बांबू तोडावा लागतो, सोलावा लागतो, बसून विणावं लागतं. माझी वीण हाती लागली की बसल्या जागी हव्या तेवढ्या कणग्या. बांबूसुद्धा लागत नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "कणगीतलं भात मात्र ज्याचं त्याचं. त्यावर माझा हक्क नाही."

एकदा सर बाहेर गेले असताना ठाण्याचा एक प्रोग्रॅमवाला आला. मला म्हणाला, "ताई, तुम्ही रोज इथंच असता. बोटं कुठं पडतात तेवढं बघून ठेवा. तुमच्या पोराला ठाण्यात कामाला लावतो." मी कप उचलून आत गेले. सर आल्यावर सांगितलं, तर म्हणाले, "चहा दिलास त्याला? साखर तरी कमी घालायचीस!"

पुढे ते आजारी पडले. नाशिकला लेकीकडे जायच्या आधी त्यांनी मला हाक मारली. "ये इकडे. आज तू भिंतीकडे बघायचं नाही." शब्द कसा टाकायचा, ते अक्षर अक्षर शिकवलं. दुकानाचा फोनही माझ्याजवळ दिला. "कुणाचं भात आत अडकलं तर उघडून दे. वीण दाखवू नकोस." सर परत आले नाहीत. नाशिकलाच वारले.

पेरणीच्या तोंडावर सूर्यमाळच्या दुकानदाराचा फोन आला. वीज पडून त्याचा कॉम्प्युटर जळाला होता. माहिती दुसरीकडे उतरवून ठेवलेली होती, पण नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडायला सरांचा शब्द मागत होता. कुणी कुठलं बियाणं सांगितलंय, काही कळेना. "फोनवरच सांग ना, बाय," तो म्हणाला.

"मी येते," म्हटलं आणि जीप धरली.

दुकानात पाड्यापाड्यांवरची माणसं खोळंबली होती. "ही उघडणार?" कुणीतरी हसलं. मी खुर्चीवर बसले, तसे सगळे माझ्या खांद्यावरून वाकले. दुकानदाराच्या हातात मोबाइल होता.

"भिंतीकडे बघा," मी म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही.

"भिंतीकडे बघा!"

सगळे वळले. दुकानदारही वळला. मी अक्षर अक्षर टाकलं. शब्द बरोबर पडला. पडद्यावर नावं आली, नावांपुढे ज्याचं त्याचं बियाणं आलं.

"झालं का, बाय?" दुकानदारानं भिंतीकडे बघतच विचारलं.

मी आणखी थोडं उभं ठेवलं.