मला विचारणारा दवाखाना

मी ऑस्ट्रेलिया बघायला गेलो आणि बराचसा तिथला दवाखाना बघून आलो. चिपळुणात जो तो विचारतो, "कांगारू दिसला का?" दिसला. हमरस्त्याच्या कडेला मरून पडला होता. बाकीचं कोणी विचारत नाही, म्हणून लिहितोय. माझं शिक्षण सातवी. एसटीच्या डेपोत पस्तीस वर्षं मेकॅनिक होतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

निघालो तेव्हा आंबा पाडाला आला होता. अशा दिवसांत कोकणातला माणूस घर सोडत नाही. पण कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि मला गॅस पेटवायचा पण कंटाळा यायचा. मुलगा नितीन सिडनीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो फोनवर म्हणाला, "बाबा, तीन महिने या. जागा बदलली की बरं वाटेल." जागा बदलून काय बरं वाटतं? तरी गेलो. बॅग भरायला बसलो तेव्हा कळलं की चाळीस वर्षांत मी माझी बॅग कधी भरलेलीच नाही. सदरे तिच्यासारखे घडी करायला गेलो, जमलं नाही. शेवटी कोंबले.

सिडनीच्या विमानतळावर एका पोरसवदा बाईनं बॅग उघडायला लावली. आमसुलं हुंगली, परत दिली. कढीपत्त्याची पुडी मात्र ठेवून घेतली. रोगराई येऊ नये म्हणून झाडपाला आत घेत नाहीत म्हणे. कुसुम असती तर त्या बाईशी मराठीतून भांडली असती आणि जिंकली पण असती.

नितीनचं घर स्कोफिल्ड्सला. नवी वसाहत. सगळी घरं राखाडी, सगळ्यांची दारं सारखी, रस्त्यावर माणूस नाही. चौथ्या दिवशी फिरायला गेलो आणि परत येताना दुसऱ्याच्याच घरात शिरलो. चपला काढून आत गेलो, तर सोफ्यावर एक पंजाबी म्हातारी मटार सोलत बसलेली. ती किंचाळली नाही. म्हणाली, "अंकलजी, आपका घर अगली गली में है. पहले चाय पी लो." चहात दूध फार होतं, पण प्यालो. संध्याकाळी हे नात ईराला सांगितलं. ती आठ वर्षांची आहे. ती म्हणाली, "नो वरीज, आजोबा" (म्हणजे काही हरकत नाही). तिथं कोणाचा पाय मोडला तरी हेच म्हणतील असं मला वाटलं.

सून मृणाल मला गिरावीनला घेऊन गेली. तिथं आपल्या लोकांची दुकानं आहेत. एका दुकानात कुळथाचं पीठ मिळालं. मी पिशवी हातात धरून उभाच राहिलो. रात्री तिनं पिठलं केलं. "बाबा, आईंसारखं नाही झालं ना?" "नाही झालं," मी म्हटलं. तिचं तोंड उतरलं. मग मी तीनदा वाढून घेतलं. मला गोड बोलता येत नाही, जेवता येतं.

एका रविवारी ब्लू माउंटनला गेलो. निळे डोंगर, खरोखर निळे. नितीन म्हणाला, निलगिरीच्या झाडांच्या तेलानं हवा अशी दिसते. कठड्याशी उभा राहिलो. खाली दरी, नजर पोचेपर्यंत झाडं. वारा आला आणि तो वास आला. मला सर्दी झाली की कुसुम पातेल्यात निलगिरीचे चार थेंब टाकायची, डोक्यावरून चादर घालायची आणि बाहेरून दम द्यायची, "डोकं बाहेर काढलंत तर बघा." एवढ्या मोठ्या डोंगरावर मला ती चादर आठवली.

तिथल्याच संडासात लघवीला लाल झाली. जास्वंदीसारखी.

कोणाला बोललो नाही. बीट खाल्लं असेल म्हणून स्वतःची समजूत घातली. बीट तर खाल्लंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी गुठळ्या पडल्या आणि लघवी अडकली, तेव्हा झक मारत सांगावं लागलं.

आधी नेलं जीपीकडे (घराजवळचा नेहमीचा डॉक्टर). तिथं नितीन मधे बसला. डॉक्टर चार वाक्यं बोलायचा, नितीन मला एक सांगायचा. बाकीची तीन कुठं जातात, हे मी त्याला विचारलं. म्हणाला, "बाबा, ते टेक्निकल आहे." मी जन्मभर टेक्निकलच काम केलं होतं.

मग मोठा दवाखाना. फोटो काढले, आत दुर्बीण घालून तुकडा घेतला. तिथल्या नर्सनं नितीनला काहीतरी विचारलं. तो "नो, नो" म्हणाला. ती त्याच्याकडे बघून हसली, आणि तिनं फोन लावून माझ्या कानाला धरला. फोनमधून एक माणूस चक्क मराठीत बोलला, "आजोबा, नर्स विचारतेय, डॉक्टरांशी बोलताना दुभाषी हवा का? मुलाला नको वाटतो. पण पेशंट तुम्ही आहात, म्हणून तुम्हाला विचारायचं." 

मी म्हटलं, "हवा."

"मी आहे ना, बाबा," नितीन म्हणाला.

"तू एकच वाक्य सांगतोस."

पुढच्या आठवड्यात निकाल घ्यायला गेलो. दुभाषी म्हणून सुजाता नावाची बाई आली होती. नागपूरची. आल्या आल्या "जय भीम, काका" म्हणाली. मी पण जय भीम घातला. खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली. "एक सांगून ठेवते, काका. या खोलीत जो कोणी जे बोलंल, ते मी दुसऱ्याच्या भाषेत सांगणार. माझं काही घालणार नाही, कोणाचं गाळणार नाही." नितीन तेव्हा मोबाईलवर गाडी कुठं लावली ते बघत होता. त्यानं ऐकलं नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असाव्यात. केस पांढरे, बारीक कापलेले. त्या सुजाताकडे नाही, माझ्याकडे बघून बोलायच्या. माझ्याकडे बघून इंग्रजी बोलणारी ती पहिली बाई. त्यांनी फाईल उघडली आणि नितीन पुढं वाकून हळू आवाजात, हसऱ्या तोंडानं इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मला वाटलं, पार्किंगचं विचारतोय.

सुजाताच्या आवाजात काही फरक पडला नाही. तिनं मला सांगितलं, "तुमचा मुलगा डॉक्टरांना म्हणतोय, प्लीज, बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका. आई गेल्यापासून ते एकटे आहेत, ते खचतील. सूज आहे एवढंच सांगा, बाकीचं मी बघतो."

नितीन लालबुंद झाला. "अहो ताई, हे कशाला सांगितलंत!"

सुजातानं तेही डॉक्टरीणबाईंना इंग्रजीत सांगितलं.

मला हसू आलं. खरंच आलं. एवढा शिकलेला माझा मुलगा, इंग्रजीची त्यानं भिंत केली होती आणि भिंतीला दार आहे हे विसरला.

मग हसू गेलं. कारण ती भिंत मला ओळखीची होती.

कुसुमच्या वेळी नितीन सिडनीहून धावत आला होता. पुण्यात, तिच्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून डॉक्टर आणि तो इंग्रजीत बोलले. ती एकदा ह्याच्या तोंडाकडे बघायची, एकदा त्याच्या. शेवटी माझ्याकडे. "काय म्हणतायत हो?"

नितीननं मला आधीच बाहेर नेऊन खरं सांगितलं होतं. मी म्हटलं, "आतड्याला सूज आहे. गोळ्यांनी उतरेल."

"मग शिमग्याला माहेरी जाता येईल," ती म्हणाली. "पालखी बघायला."

"येईल की."

चार महिने ती बरं वाटायची वाट बघत पडून राहिली. कुठं जायचं म्हटलं नाही, कोणाला भेटायचं म्हटलं नाही, बरी झाल्यावर सगळं करायचं होतं ना. पौषात गेली. शिमगा दोन महिने लांब होता. खरं सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात गाडी करून तिला बहिणीकडे नेलं असतं. पालखी नसती, बहीण तरी भेटली असती. ब्रेक धरत नाहीत अशी गाडी ड्रायव्हरला न सांगता मी पस्तीस वर्षांत एकदाही रूटवर सोडली नाही. आणि कुसुमला न सांगता तसंच सोडलं. तिच्या भल्यासाठी, असं म्हणायचो. खरी गोष्ट अशी की तिच्यासमोर रडायला लागू नये म्हणून सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. मग त्यांनी विचारलं आणि सुजातानं सांगितलं, "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं, थोडं, की मुलाला सांगू? हे मी नाही ठरवणार, तो पण नाही. तुम्ही ठरवायचं."

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"सगळं सांगा," मी म्हटलं. "आणि पोराला बसू द्या. त्याला पण ऐकू दे."

त्यांनी कागदावर पिशवी काढून दाखवली, लघवीची. आतल्या बाजूला गाठ. दुर्बिणीतून खरवडून काढायची, मग कळणार किती खोल गेलीय. इथं करता येईल, भारतात पण करता येईल, मात्र महिनाभराच्या आत. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर घ्या. खर्च आधी लिहून मागा. सगळे कागद, फोटो तुम्हाला मिळतील, कारण ते तुमचे आहेत. नको म्हणायचं असेल तर नको म्हणा, कोणी रागावणार नाही. "पाहुणा म्हणून आलात, तरी हे तुमचंच," असं म्हणाल्या. कागदावर सही मागितली. मी मराठीत केली. कोणी काही बोललं नाही.

आम्ही गाडीनं घरी निघालो. क्वेकर्स हिलच्या सिग्नलला नितीन म्हणाला, "आईच्या वेळी आपण हेच केलं होतं ना?"

"हो. चुकलो आपण."

"मी चुकलो?"

"आपण म्हटलं मी. कान साफ कर."

त्यानं गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "मला आता एकच माणूस राहिलाय, बाबा."

"मग त्या माणसाला काय झालंय ते निदान त्याला कळू दे की."

त्यानं डोकं वर काढलं. मग नाक पुसून म्हणाला, "ऑपरेशन इथंच करू. मी रजा काढतो."

"नको. घरी जातो."

"पण का? इथं सगळं चांगलं आहे."

"आहेच चांगलं. पण मला मराठीत कण्हायचंय." 

तो रडता रडता हसला. आईसारखा हसतो, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

तीन महिन्यांचा मुक्काम सहा आठवड्यांत आटोपला. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाचं पत्र दिलं, फोटोंची सीडी दिली, पुण्याच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. विमानतळावर नितीन म्हणाला, "तिकडे जे सांगतील ते मला खरं सांगाल ना? लपवू नका." मी म्हटलं, "आधी मला कळू दे." ईरानं मिठी मारली. मी पण तिला नो वरीज म्हटलं. 

पुण्यात ऑपरेशन झालं. सोबत पुतण्या बाळू होता, पन्नाशीचा गृहस्थ. मी दोन रात्री पोटभर कण्हलो. दहा दिवसांनी रिपोर्ट घ्यायला गेलो. डॉक्टर तरुण, स्वभावानं चांगला. त्यानं रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? यांच्याशी दोन मिनिटं बोलतो." बाळू उठून माझ्यासाठी दार उघडून उभा पण राहिला.

मी उठलो नाही. "डॉक्टर, तो बाहेर बसेल. रिपोर्टवर नाव माझं आहे."

"काका, अहो..." बाळू.

"जा. चहा सांग."

डॉक्टर म्हणाला, "ऐकून वाईट वाटेल तुम्हाला."

"वाटेल. मला वाटू दे."

त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. गाठ मांसापर्यंत गेली नव्हती. पण गाठीची जात वाईट, भराभर वाढणारी. सहा आठवडे पिशवीत औषध सोडायचं, मग दर तीन महिन्यांनी दुर्बीण. परत येऊ शकते. किती वर्षं, ते तो सांगू शकला नाही, मी पण ताणलं नाही. आता काय करायचं, कोणाकडे जायचं, काय राहिलंय, हे माझं मला ठरवता येईल, एवढं हातात आलं. परदेश बघून माणसं काय काय आणतात. मी हे आणलं. उशिरा आणलं, जिला हवं होतं ती नाही.

बाहेर बाळू बाकावर चहाचे दोन कप धरून बसला होता. "काय म्हणाले?"

मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याला सगळं सांगितलं, कॅन्सर हा शब्द धरून. समोरच्या दोन बायकांनी मान वळवली. बाळूनं दोन्ही कप बाकावर ठेवले.

"काकू पण अशीच आजारी होती, पोटाचं काहीतरी," तो म्हणाला. आमच्या घरात एवढंच माहीत होतं.

"पोटाचं काहीतरी नाही. पोटाचा कॅन्सर होता तिला," मी म्हटलं. "आणि तिनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."