आप्पांचं लॉगिन

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण आजवर नुसतं वाचत आले. राग मानू नका, पण भुताखेतांचे निम्मे अनुभव वाचून मी खाली 'आधी वायरिंग तपासून घ्या' असं लिहायला घ्यायचे... आणि बरं दिसणार नाही म्हणून खोडून टाकायचे. स्वभावच तसा आहे, आणि कामही तसंच. मी इथल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची सिस्टीम अ‍ॅडमिन आहे. सगळी लॅब लिनक्सवर चालते, म्हणजे विंडोजऐवजी ती फुकटची सिस्टीम. लिनक्सचं मला आवडतं ते हेच, की त्यात झाकलेलं काही नसतं. कोण आलं, कधी आलं, कुठल्या मशीनवरून आलं, सगळ्याची नोंद म्हणजे लॉग राहतो. प्रोग्रॅम कसा लिहिलाय तेसुद्धा उघडून वाचता येतं. 'मॅडम, आपोआप झालं' असं कोणी म्हटलं की मी म्हणायचे, आपोआप काही होत नसतं.

आता झालं ते सांगते. जमेल तसं. दोन वर्षांत हे कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आम्ही छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याला राहतो. दुसऱ्या मजल्यावर लहानसा फ्लॅट. घरात तेव्हा मी, माझे मिस्टर आणि माझे वडील, म्हणजे आप्पा. मिस्टर चिकलठाण्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. मी एकुलती एक, म्हणून आई गेल्यावर आप्पांना गावाहून, पिशोरहून, आमच्याकडं घेऊन आले. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. इथं बसून करायचं काय? त्यात विसर पडायला लागला होता. आधी चष्मा, मग माणसांची नावं, आणि मग मधूनमधून मी कोण हेही.

घरात एक जुना डेस्कटॉप होता. विंडोज त्याला पेलवेना, म्हणून मी लिनक्स टाकलं होतं. वीजबिल भरणं, अर्ज टाइप करणं, आप्पांना भजनं लावून देणं, एवढंच काम. त्यावरच एक ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि ज्याचा प्रोग्रॅम उघडून वाचता येतो असा, गेम टाकला होता. ठोकळ्यांची दुनिया असते. ठोकळे फोडायचे, रचायचे, पाहिजे ते बांधायचं. त्यात मेंढ्याही असतात. एकदा आप्पांना सहज दाखवल्या.

"लई चौकोनी हायेत की," ते म्हणाले. बराच वेळ बघत बसले. "पर चरत्यात व्हय?"

"चरतात की, आप्पा."

"मंग वाडगं कुठंय त्यांचं? आसंच उघड्यावर सोडलं?"

त्या दिवसापासून आप्पा रोज मेंढरांना वाडगी बांधायला लागले. वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायचं कुंपण. बाण असलेली चार बटणं आणि माऊस, एवढं त्यांना जमायचं. वाडग्याशिवाय दुसरं काहीही त्यांनी कधी बांधलं नाही... घर नाही, रस्ता नाही. मी त्याच डेस्कटॉपवर गेमचा छोटा सर्व्हर, म्हणजे ती दुनिया चालू ठेवणारा प्रोग्रॅम, चालू करून ठेवला, म्हणजे मला माझ्या लॅपटॉपवरून त्यांच्या दुनियेत जाता येईल. सर्व्हर घरातल्या घरातच होता, बाहेरून त्यात कुणालाही येता येत नव्हतं. गेममध्ये प्रत्येकाच्या डोक्यावर नाव दिसतं. त्यांचं 'आप्पा', माझं 'रेखा'. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले, त्यामुळे त्यांना अक्षर लागायचं. घरात समोर उभी राहिले तरी कधीकधी मला ओळखायचे नाहीत. पण तिथं माझं नाव वाचून म्हणायचे, "आली का माय?"

एप्रिलातला मंगळवार. सकाळी दहाच्या सुमारास मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेले. पाच मिनिटं, फार तर सात. खाली आले तर दार सताड उघडं आणि आप्पा नाहीत.

पुढचं सगळं सांगत नाही. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना ते सांगायची गरज नाही. गल्ल्या, देवळं, दवाखाने, बसस्टँड. पिशोरला फोन. मिस्टर सुट्टी टाकून मोटारसायकलवर फिरत होते. पोलिसांनी तक्रार घेतली, चांगलं वागले. एका किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात आप्पा दिसले, जालना रोडच्या दिशेनं चालत जाताना, डोक्याला पंचा. पुढं काहीच नाही. वर ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. आणि मला एकच दिसत होतं, की त्यांनी पाण्याची बाटली नेलेली नाही. त्यांना तहान लागलेली कळते का, हेही मला माहीत नव्हतं.

बुधवारी दुपारी मी 'हरवले आहेत'चं पत्रक करायला डेस्कटॉपसमोर बसले. फोटो लावला, मजकूर टाइप केला. बाजूला एका छोट्या विंडोत गेमच्या सर्व्हरचा लॉग चालू होता, तो नेहमीच असतो. प्रिंटची कमांड दिली आणि नजर तिकडं गेली.

एक चाळीसला एक ओळ आली होती: 'आप्पा' गेममध्ये आले.

घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे पंचवीस मिनिटं... मी तिथंच बसलेली असताना.

मी गेममध्ये जाऊन बघितलं का? नाही. मला वाटलं, जुनं काहीतरी अडकलंय. डोकं ठिकाणावर नव्हतं. आदल्या सकाळपासून पोटात अन्न नाही, आणि स्क्रीनवर त्यांचं नाव असं चेष्टा केल्यासारखं आलेलं. मला ते बघवेना. मी सर्व्हर थांबवायची कमांड टाइप केली, एंटर दाबलं, पत्रकं उचलली आणि जिना उतरले.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

गुरुवारपर्यंत मी आशा सोडलेली होती. तोंडानं नाही म्हणाले, पण मनातून सोडली होती. दुपारी चारच्या सुमारास पत्रकं वाटून घरी आले. त्यांच्या खोलीत गेले, त्यांच्या खुर्चीत बसले आणि वाटलं, निदान त्यांची मेंढरं तरी बघू. सर्व्हर पुन्हा चालू केला, पण आत जायचं धाडस व्हायला अर्धा तास गेला. त्याच डेस्कटॉपवर गेम उघडून माझ्या नावानं आत गेले. वाडगी जशीच्या तशी होती, मेंढ्या आत. आणि मग वाडग्यांच्या पलीकडच्या उघड्या माळावर मला लांबून नाव दिसलं.

आप्पा.

मी खुर्चीतून उठलेच. घरात कुणी नव्हतं, दाराला आतून कडी. कीबोर्डवर हात फक्त माझे. आधी राउटरची वायर उपसली, वाटलं कुणीतरी वाय-फायमधून घुसलंय. नाव तिथंच. लॉग बघितला. ते नेटवर्कवरच्या ज्या पत्त्यावरून आले होते तो याच डेस्कटॉपचा होता. या मशीनवर चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी काढली. गेम एकदाच चालू होता, माझा. दुसरा नव्हताच. आणि तरी ती आकृती माळावर दगड लावत होती. एक दगड, थांबणं, मग दुसरा. आप्पांना तसाच वेळ लागायचा.

मी चॅटमध्ये लिहिलं, "आप्पा?" तीनदा चुकलं, तीनदा खोडलं. त्यांना टाइप करता यायचंच नाही म्हणा.

मी जवळ गेले. ते एका खड्ड्यात उभे होते. चौकोनी खड्डा, चारी बाजूंनी दगडी, दोन पुरुष खोल. त्याच्या शेजारी चार उंच खांबांवर ठेवलेला एक मोठा ठोकळा. मागं लांबच लांब भिंत, मध्येच पडलेली, आणि त्यामागं एक छप्पर, करवतीच्या दात्यांसारखं, वरखाली, वरखाली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. मिस्टर होते. मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं.

"अहो, बघा... बघा हे. आप्पा आहेत."

"रेखा, तू जरा पड. आपण डॉक्टरांकडं..."

"मी वेडी झाले तर झाले! तुम्ही आधी बघा!"

त्यांनी बघितलं. मला वाटलं आता समजूत घालतील. पण ते वाकून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले आणि त्यांचा आवाज बदलला.

"ही वरची टाकी आहे का? चार पायांची?"

"मला काय माहीत!"

"हे छप्पर... हे आमच्या कारखान्याच्या रस्त्यावरचं बंद शेड आहे. कंपाउंड पडलेलं. मी रोज तिथून जातो." मग हळूच म्हणाले, "टाकीच्या खाली तिथं हौद आहे. कोरडा."

आम्ही मोटारसायकलवर निघालो. पडलेल्या भिंतीतून आत शिरलो, कमरेएवढं वाळलेलं गवत, टाकीचे गंजलेले खांब. मी काठावर पालथी पडून खाली बघितलं. आप्पा सावलीच्या कोपऱ्यात पडलेले होते. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. शेजारी वळवाच्या पावसाचं थोडं गढूळ पाणी साचलेलं, तेवढ्यावरच ते तगले, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

"आप्पा! आप्पा!"

काही नाही. मी ओरडतच होते. मिस्टरांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मग आप्पांचा हात हलला. जमिनीवरचा एक दगड उचलला आणि थोडा पुढं ठेवला.

आप्पा वाचले. पाय नाही वाचला, गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर चांगले होते, मुद्दाम टोचून बोलणारे नव्हते. त्याच गुरुवारी रात्री फाइल चाळत सहज म्हणाले, "जखम चिघळत गेली. काल आणलं असतं तर कदाचित..."

काल. म्हणजे बुधवारी.

नंतर मी सगळं तपासलं. त्या दुनियेचा रोज सकाळी सहाला बॅकअप होतो, म्हणजे जशी असेल तशी प्रत जपून ठेवली जाते. मंगळवारच्या बॅकअपमध्ये माळ मोकळा. बुधवारच्याही. गुरुवार सकाळच्या बॅकअपमध्ये टाकीचे खांब आणि अर्धं छप्पर आहे. म्हणजे तेवढं बुधवारी पंचवीस मिनिटांत बांधलं होतं. मी सर्व्हर बंद केला नसता, नुसतं आत जाऊन बघितलं असतं, तर त्याच दुपारी सगळं बांधून झालं असतं. हा हिशोब मी रोज करते. आंघोळ करताना करते, भाजी निवडताना करते.

दवाखान्यात पाचव्या दिवशी आप्पा एकदम शुद्धीत बोलले. मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते.

"माय," ते म्हणाले, "मधीच अंधार का केला गं?"

"कुठं, आप्पा?"

"तितंच. मी दगडं लावत व्हतो. तू समोर बसल्याली, कागद काढत व्हती. म्हणलं, आता बघंल, मंग बघंल... अन् एकदम अंधार केला. मंग लई वेळ काईच नाय."

मी चमचा वाटीत ठेवला. मी त्यांच्या उरलेल्या पायावर डोकं ठेवलं. काय बोलले ते आठवत नाही. ते माझ्या केसांवरून हात फिरवत होते, पण बघत होते खिडकीबाहेर.

तुम्ही जे म्हणाल ते लिनक्सवाल्या ओळखीच्या मंडळींचं आधीच म्हणून झालंय. मशीनचं घड्याळ चुकलं असेल. तपासलं, बरोबर होतं. आप्पांनी ती जागा पूर्वी पाहिली असेल. कदाचित, पण मग बांधलं कुणी? मिस्टरांनी बांधलं असेल, असंही एकजण म्हणाला. बुधवारी एक चाळीसला मिस्टर पोलीस ठाण्यात बसलेले होते, आणि गेममध्ये कसं जायचं हे त्यांना आजही येत नाही. प्रोग्रॅमचा जो भाग माणसाला आत घेतो तो मी ओळ न ओळ वाचला, तीन वेळा. त्यात काही नाही. माझ्याकडं स्पष्टीकरण नाही, आणि आता मी ते शोधतही नाही.

आप्पा त्यानंतर अकरा महिने होते. कॉम्प्युटरकडं परत कधी गेले नाहीत. मला एवढंच कळायला हवं होतं, की तो अंधार मी मुद्दाम केला असं त्यांना वाटलं का. त्या लई वेळात, खाली एकटं पडलेले असताना, ते माझ्याबद्दल काय विचार करत होते. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ते जरा ताजेतवाने वाटले, म्हणून मी पलंगाशी बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं.

त्यांनी माझ्याकडं नीट, शांतपणे बघितलं. मग हात सोडवून घेतला.

"तू कोण गं, बाई?" ते म्हणाले. "माझ्या लेकीला बोलव."