मार्का कुणाचा?

"सर, तुमचं सोताचं दुकान हाय का कुठं?" रंगनाथरावांनी स्टाफरूममध्ये बसता बसता विचारलं.

"नाही."

"मग धंदा शिकवता कसा?"

त्यांची मुलगी सुमन दाराशी उभी होती, मान खाली घालून. ती आमच्या सेकंड इयर बी.कॉम.च्या वर्गात होती. अख्ख्या वर्गात एकटी मुलगी. बेलापूरहून रोज एस.टी.ने यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. तिचे वडील आज तिचं नाव काढायला आले होते.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. आमच्या कॉलेजात कॉमर्स नुकतंच सुरू झालं होतं आणि त्यात शिकवतात काय, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. रंगनाथरावांचं बेलापुरात भुसार मालाचं दुकान होतं. ते म्हणाले, "हिशोब तिला चौथीपासनं येतो. आनखी काय शिकवता ते तरी सांगा."

मी सांगितलं. अकाउंट्स, अर्थशास्त्र, बँकिंग, आणि मी स्वतः शिकवतो तो व्यापारी कायदा. ते मन लावून ऐकत होते, पण चेहरा काही हलला नाही. मला राग आला. चांगली पोर हातची जाणार, आणि मी तिच्या बापाला विषयांची नावं वाचून दाखवतोय!

"कायदा पुस्तकात ऱ्हातो, सर," ते म्हणाले. "आता आमचंच बघा. संगमनेरच्या शेठला हरभरा दिला. आधी वानगी दाखवली, त्यानं पसंत केली, मग गाडी भरून माल धाडला."

वानगी म्हणजे नमुना. मूठभर दाणे पुडीत बांधून देतात आणि तेवढ्यावर पोत्यांचा सौदा होतो.

"आता भाव पडला, तर म्हनतो माल वानगीपरमानं न्हाई, परत न्या. काय करील तुमचा कायदा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून सुमन बोलली.

"अण्णा, पोत्यांवर मार्का कुणाचा हाय?"

"त्याचाच की. गाडी उतरली, मुनीमानं माल बघितला, की हमाल लगेच पोत्यावर त्याच्या नावाचा ठप्पा मारत्यात. रीतच हाय ती."

"मग माल त्यांनी घेतला. आता परत करता येत न्हाई."

रंगनाथराव माझ्याकडे वळले. मी मान हलवली. तीनच आठवड्यांपूर्वी मी वर्गात हे शिकवलं होतं. मालावर मालकी दाखवणारी कृती केली, की खरेदीदारानं तो स्वीकारला असं धरतात. पण मी मोटारी आणि यंत्रांची उदाहरणं दिली होती. पोत्यावरचा मार्का माझ्या डोक्यातही आला नव्हता.

"बरं," रंगनाथराव उठले. "चला संगमनेरला. तुमीबी चला, सर. तिथं चाललं तर पोरगी शिकंल. न्हाई चाललं तर उद्या नाव काढतो."

आम्ही तिघं एस.टी.त बसलो. वाटभर मी मनातल्या मनात कलम घोकत होतो. पुस्तकातला कायदा मला पाठ होता, पण पेढीवर जाऊन तो बोलायची वेळ कधी आली नव्हती.

शेठ गादीवर बसले होते. मला पाहून म्हणाले, "वकील आणलाय वाटतं?"

"मी मास्तर आहे," मी म्हणालो. "बोलणार आहे ती ही."

शेठ हसले. सुमननं आवाज चढवला नाही. "काका, माल उतरला तेव्हा कुणी बघितला?"

"मुनीमानं."

"मग मार्का मारला?"

"मारला. त्यात काय? सगळेच मारतात."

"सगळे आपल्याच मालावर मारतात, काका. पोळ्याला आपण दुसऱ्याच्या बैलाची शिंगं रंगवतो का?"

थप्पीवर पोती टाकणारा हमाल खुदकन हसला. शेठचं हसू मात्र गेलं. सुमन थांबली नाही. "माल खरंच हलका असेल तर नुकसानभरपाई मागा. कायद्यानं तो तुमचा हक्क आहे. तुमच्याकडं वानगीची पुडी असेलच. सोडा, आणि कुठलंही पोतं फोडून ताडून बघा."

खरेदीदाराचा हक्कही तिनं आपणहून सांगितला. तिथंच माझी छाती फुगली. बापाच्या बाजूनं कुणीही भांडेल. समोरच्याचा हक्क सांगून भांडणं हे शिक्षण. आणि ते मी दिलं होतं, का खोटं बोलू?

शेठनं पुडीला हात लावला नाही. भाव पडलाय हे त्यांनाही ठाऊक होतं आणि सगळ्या बाजारालाही. त्यांनी पानाची पिंक टाकली. मग मुनीमाला म्हणाले, "ऱ्हाऊ दे माल. लाव थप्पीला." आणि रंगनाथरावांकडे वळून विचारलं, "पोरगी वकिलीचं शिकती का?"

"न्हाई," रंगनाथराव म्हणाले. "बी.कॉम. सेकंड इयर." सकाळी हीच अक्षरं त्यांनी माशी झटकावी तशी झटकली होती.

सुमनचं नाव राहिलं. वार्षिक परीक्षेत नेमका त्याच कलमावर प्रश्न आला. तिनं उत्तरात मार्का लिहिला, पोळाही लिहिला, बाकीच्या उत्तरांतही अशीच बाजारातली उदाहरणं दिली. पेपर तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकानं तिला जेमतेम पास होण्यापुरते मार्क दिले. मी चरफडलो. पुस्तकातली मोटार लिहिली असती तर फर्स्ट क्लास होता. तेव्हापासून मी वर्गात सांगत आलो, की बाजारात पोळा सांगा, पेपरात मोटार लिहा.

रंगनाथराव निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आले. मी मार्कांचं वाईट वाटतं म्हणालो, तर मलाच समजावू लागले.

"जाऊ द्या, सर. पेपर तपासनाऱ्याचं सोताचं दुकान नसंल."