हातोड्यावरची चीर

गेल्या मार्गशीर्षात अंथुर्ण्याच्या एका लग्नघरी माझ्या बायकोच्या मामांनी पाण्याने भरलेला तांब्याचा हंडा पालथा केला. नवरीचे वडील धावत आले. "आबा, जेवण न्हाय आवडलं तर तसं सांगा. हंडं कशाला पालथं घालताय?" मामा ओल्या धोतरानिशी बुडाशी वाकले होते. ते म्हणाले, "ह्यो आमचा न्हाय."

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या जितक्या भांड्यांची बुडे मामांनी पाहिली असतील, तितकी त्या भांड्यांच्या मालकांनीही पाहिलेली नाहीत. कोणाच्याही घरी गेले की ते माणसांच्या आधी माळ्यावरच्या भांड्यांची चौकशी करतात. निरवांगीला एका मयताच्या घरी ते दहा मिनिटे खाली मान घालून बसले आणि मग हळूच म्हणाले, "म्हातारीचं घंगाळ कुणाकडं गेलं?" त्या घरी मामींना पुन्हा एकटीला जाऊन यावे लागले.

मामांचे आजोबा इंदापुरात तांबट होते. वडील कारखान्यात नोकरीला लागले. स्टीलची भांडी आली, तशी घरातली तांब्याची भांडी मोडीत गेली. आजोबांच्या हातचे एकही भांडे घरात उरले नाही. हातोडा तेवढा राहिला. त्याच्या तोंडावर एक चीर आहे. भांडे ठोकून घट्ट करताना या चिरेचा उंचवटा प्रत्येक ठोक्यात उठला असणार, असा मामांचा हिशेब. त्यावर ते तीन वर्षे फिरले. हातोडा टॉवेलात गुंडाळून पिशवीत असे. "एक भांडं घावलं की बास, जावई," ते मला म्हणत. "ह्या घरात कुणीतरी काहीतरी घडवलं हुतं, एवढं तरी दिसंल."

यंदा चैत्रात मी त्यांना बारामतीतल्या एका वृद्ध तांबटाकडे नेले. त्यांनी हातोड्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"ह्यानं कोण तांबट भांडं ठोकंल? तोंड आरशागत घासून ठेवत्यात. डाग उठला तर गिऱ्हाईक भांडं तोंडावर मारंल. ही चीर खिळं ठोकल्याची हाय."

मामांनी हातोडा पुन्हा टॉवेलात गुंडाळला. बाहेर आल्यावर म्हणाले, "शाळेत असताना खिळं मीच ठोकलं हुतं त्यानं."

त्यानंतर दोन महिने ते कोणाकडे गेले नाहीत. लग्नपत्रिका आल्या, मामी एकट्या जाऊन आल्या.

गेल्या रविवारी मीच त्यांना लासुर्ण्याला घेऊन गेलो. तिथल्या एका आजींकडे इंदापूरच्या बाजारातून आणलेली जुनी तांब्याची घागर आहे, असे कळले होते. घागर कोणी केली, असे मी विचारले.

"नाव न्हाय ठावं. बहिरा हुता, सासूबाई सांगायच्या."

"आजी, ठोकण्याच्या आवाजाने म्हातारपणी बहुतेक तांबट बहिरेच होतात."

"ह्यो निराळा. भाव पाडाय लागलं की ठार बहिरा. च्या घेता का म्हणलं की लगीच व्हय म्हणायचा."

मामा इतके हसले की डोळे पुसावे लागले. "आमचा बापबी आस्साच हुता," ते म्हणाले.

"मग न्या की घागर," आजी म्हणाल्या.

"नगं. उद्या पाणी कशात भराल?"

ती घागर मामांच्या आजोबांनी घडवली, याला दुजोरा मिळालेला नाही. मामा तिच्यातले दोन तांबे पाणी प्याले आणि पाचच्या एसटीने आम्ही बारामतीला परतलो.